वाईच्या घाटावरील काळाचे धडे

पस्तीस वर्षें हातीं खडू धरलेल्या माणसास सेवानिवृत्तीचा हुकूम मिळाला, म्हणून त्याची शिकविण्याची खोड सुटते असें नाहीं. घरांत लहान मूल आलें कीं आम्ही नकळत फळा शोधूं लागतों. २०२४ सालच्या डिसेंबरांत आमची कन्या आपल्या दोन मुलांसह कॅनडांतील ओटावा नगराहून वाईस आली, तेव्हां या खोडीनें पुन्हां उचल खाल्ली. मात्र त्या दिवसांत आम्हीं मुलांस जें शिकविलें त्याहून अधिक आम्हांसच शिकावें लागलें. तो वृत्तांत वाचकांस सादर करतों.

थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू सहांचा. घरीं मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेंत फ्रेंच, असा त्यांचा त्रिभाषी संसार आहे. कॅनडांत इंग्रजी शाळांच्या मुलांस बालवर्गापासून फ्रेंच भाषेंतूनच विषय शिकविण्याची एक पद्धति आहे. १९६५ सालीं माँट्रियलजवळील सेंट लँबर्ट या गांवीं कांहीं पालकांच्या आग्रहावरून ती सुरू झाली आणि पुढें देशभर पसरली. मूल भाषेच्या डोहांत सोडून द्यावें, म्हणजे तें हातपाय मारतां मारतां पोहूं लागतें, ही त्यामागील कल्पना. आमच्या लहानपणीं वाईचीं मुलें कृष्णेंत अशींच पोहावयास शिकत. फरक इतकाच कीं आमच्या पाठीस सुका भोपळा बांधलेला असे.

पाहुणे आल्यावर पहिल्याच सकाळीं नातू स्वयंपाकघराच्या भिंतीवरील कालनिर्णयासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या शाळेंत रोज एका मुलास पुढें बोलावून आजचा वार, तारीख व महिना म्हणवून घेतात. त्या संवयीनें त्यानें बोट ठेवून "मार्दी" असें गंभीरपणें जाहीर केलें. वार मंगळच होता. आम्हीं विचारलें, "मार्दी म्हणजे कोण रे?" तो म्हणाला, "मार्दी म्हणजे मार्दी." येथें आमचा वर्ग सुरू झाला.

फ्रेंच भाषेचें अक्षर आम्हांस येत नव्हतें. नातीनें एकेक वार सांगावा आणि आम्हीं पाटीवर लिहावा, असें ठरलें. लँदी, मार्दी, मेर्क्रदी, झदी, व्हाँद्रदी. पाटीवरील यादी पाहून आम्ही चकित झालों. लँदींत चंद्र आहे, मार्दींत मंगळ, मेर्क्रदींत बुध, झदींत गुरु आणि व्हाँद्रदींत शुक्र! इंग्रजींत मंगळवारापासून शुक्रवारापर्यंतच्या चार वारांवर उत्तर युरोपांतील जुने देव येऊन बसले आहेत, त्यामुळें जन्मभर इंग्रजी वाचूनही तेथें आपल्या ग्रहांची ओळख आम्हांस कधीं पटली नाहीं. फ्रेंचांत शनि व रवि यांच्या वारांचीं नांवें धर्माच्या ओघांत बदललीं, पण मधले पांच ग्रह जागचे हालले नाहींत. आमच्या नातवास जें नुसतें पाठ होतें त्याचा अर्थ वाईंत सांपडला.

तसेंच इतर शब्दांचें झालें. "काल" यास फ्रेंचांत "इयेर" म्हणतात, असें नात म्हणाली. तो आमच्या संस्कृत "ह्यः"चाच दूरचा भाऊबंद. "म्वा" म्हणजे मास, "न्वी" म्हणजे नक्त. सेप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश हे आंकडे उघड बसलेले आहेत. पण महिने मात्र नववा ते बारावा! रोमन लोकांचें जुनें वर्ष मार्चापासून सुरू होई, म्हणून हा घोटाळा. सर्वांत मौज वाटली ती ही, कीं सात दिवसांच्या अवधीस फ्रेंच लोक बोलतांना "आठ दिवस" म्हणतात आणि दोन आठवड्यांस "पंधरा दिवस". आपला आठवडा व पंधरवडा सातासमुद्रांपलीकडे कोणीतरी आपल्याच पद्धतीनें मोजतो, हें ऐकून आमच्या शेजारच्या वृद्ध काकूंनाही समाधान वाटलें. ऐंशी या संख्येस तेथें "चार विशा" म्हणतात हें कळल्यावर तर त्या म्हणाल्या, "मग तीं माणसें आपल्यासारखींच शहाणीं आहेत म्हणायचीं!"

सायंकाळीं मुलांस घेऊन आम्ही गणपतीच्या घाटावर गेलों. ज्यांनीं वाई पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा धोमाच्या धरणांतून सुटून गांवांत येते, आणि गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्यांचे घाट तिच्या कांठीं एकापुढें एक लागले आहेत. माघापासून प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव आपापल्या ठरलेल्या तिथीस होतो. ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलें. पुराचें पाणी दुभंगून जावें म्हणून देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे. नदीस अडवूं नये, तिला वाट करून द्यावी, हें त्या गवंड्यांस कळत होतें.

घाटाच्या पायऱ्यांवर आळींतील पांच मुलें जमलीं होतीं; आमचीं दोन मिळून सात झालीं. सातांस आम्हीं सात ग्रह केलें आणि प्राचीनांच्या क्रमानें, म्हणजे मंदगति शनीपासून शीघ्रगति चंद्रापर्यंत, ओळीनें बसविलें: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा. पहिली ज्याची, त्याचाच वार. शनीपासून मोजूं लागावें. सात-सातांच्या तीन फेऱ्या झाल्यावर तीन उरतात, आणि पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीवर येते. म्हणून शनिवारामागून रविवार. रवीपासून पुन्हां मोजावें, तर चंद्र. मुलांनीं टाळ्या वाजवीत साती वार काढले. "शास्त्र" हा शब्दही न उच्चारतां शास्त्र शिकवितां येतें, तें असें.

झदीवाल्या गुरूची एक गोष्ट त्याच पायरीवर सांगितली. गुरु कन्या राशींत गेला कीं गंगा कृष्णेस भेटावयास येते, अशी आपली श्रद्धा. तें कन्यागत पर्व. मागील पर्व २०१६ सालच्या ऑगस्टांत लागलें. लोक "बारा वर्षांनीं" म्हणतात. वस्तुतः गुरूची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांत पुरी होते. उरलेला अंश सांचत सांचत सुमारें ८५ वर्षांनीं एक संवत्सर पुढें सरकतो. उत्तरेंत तो लुप्त मानून वगळतात. आपल्याकडे दक्षिणेंत वगळत नाहींत. नात चटकन म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे वेगळें वर्ष? मग बरोबर कोणाचें?" आम्हीं म्हटलें, "जो तो आपल्या नियमानें बरोबर." हें उत्तर आम्हीं किती सहज दिलें! तें पुढें आमच्याच अंगावर उलटणार होतें.

दोन दिवसांनीं मेणवलीस गेलों. वाईहून हें गांव कोसभर वरच्या अंगास. तेथें नाना फडणविसांचा वाडा, मागें कृष्णेचा चंद्राकृति घाट, आणि घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक थोरली घंटा टांगली आहे. ती मूळची पोर्तुगीजांच्या देवळांतील. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्या मोहिमेंतील ही जिन्नस. तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे, आणि ओतल्याचें साल आहे १७०७. नातीनें तो आंकडा आपल्या बोटानें गिरवून वाचला.

१७०७ म्हटलें कीं इतिहासाच्या शिक्षकास औरंगजेबाचा मृत्यु आठवतो. कांहीं पुस्तकांत त्याची तारीख २० फेब्रुवारी सांपडते, कांहींत ३ मार्च. दोन्ही खऱ्या आहेत. पोप ग्रेगरीनें १५८२ सालीं पंचांग सुधारलें; पोर्तुगालनें तें त्याच वर्षीं मानलें, इंग्लंडनें १७५२ पर्यंत मानलें नाहीं. मानलें तेव्हां २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ सप्टेंबर लिहावा लागला. म्हणजे ही घंटा ओतली गेली त्या वर्षीं वसईच्या पोर्तुगीजांची तारीख मुंबईच्या इंग्रजांच्या तारखेपुढें ११ दिवस असे. मध्यें अंतर तें काय, एका खाडीचें! आणि मराठ्यांच्या दप्तरांत तिसरेंच साल चालू: शुहूर सन, जें मृग नक्षत्र लागतांच बदले, कारण शेतकऱ्याचें वर्ष पावसाबरोबर सुरू होतें. मेणवलीचें दप्तर इतिहाससंशोधकांत प्रसिद्ध आहे. तें वाचणारास शुहूर सनांत ५९९ अथवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो.

नात घंटेखालीं उभी राहून बराच वेळ विचार करीत होती. मग म्हणाली, "घंटा वाजली तेव्हां तिघांनाही एकदमच ऐकूं गेली असेल ना, आजोबा?" "हो." "मग तारीख वेगळी कां?" आम्हीं म्हटलें, "आवाज एक, वह्या तीन." हें उत्तर आम्हांस तेव्हां फार चतुर वाटलें होतें.

आतां मूळ गोष्टीकडे येतों, जी सांगण्यास आमची लेखणी जड होते.

आमच्या पत्नीचें देहावसान याच घरीं २९ डिसेंबर २०२१ रोजीं पहाटे चार वाजतां झालें. करोनाच्या साथीमुळें कन्येस येतां आलें नाहीं. ती दूरध्वनीच्या पडद्यावर शेवटपर्यंत होती. आमची पहाट होती, तेव्हां ओटावा येथें आदल्या दिवसाचे, २८ तारखेचे, सायंकाळचे साडेपांच वाजले होते. आईच्या जाण्याचा तिनें पाहिलेला क्षण मंगळवारच्या सायंकाळचा. आम्हीं पाहिलेला बुधवारच्या पहाटेचा. तिथि मार्गशीर्ष वद्य दशमी.

दुसऱ्या वर्षीं दशमी १८ डिसेंबरास आली. आम्हीं वर्षश्राद्ध केलें. कन्येनें २८ तारखेस आपल्या घरीं दिवा लावला, गोड स्वयंपाक करून दोन माणसांस जेवूं घातलें, आणि मोठ्या आशेनें आम्हांस फोन केला. आम्हीं म्हटलें, "तुझा दिवस चुकला. तिथि दहा दिवसांपूर्वींच झाली. आणि तारीखच धरायची, तर तीही २९ आहे." शिक्षकाची तांबडी शाई, दुसरें काय! त्यानंतर तिनें त्या दिवसाचा विषय आमच्यापाशीं काढला नाहीं. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें पुढली दशमी ६ जानेवारी २०२४ रोजीं पडली; तेव्हां आम्हीं तिला कळविलें, तिनें "बरें" म्हटलें, आणि फोन ठेवला. घरोघरीं असे मौनाचे दगड असतात; त्यांस ठेंच लागूं नये म्हणून माणसें वाट बदलून चालतात.

या खेपेस दशमी २५ डिसेंबरास होती. मुलें अंगणांत खेळत होतीं, आंत पितरांच्या स्वयंपाकाची गडबड, गुरुजींस यावयास अवकाश. मुलांस गुंतवावें म्हणून आम्हीं अंगणांत बारा अंगुळांची काठी उभी रोविली आणि दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोंकाशीं खडूची खूण करावयास सांगितली. सर्वांत आंखूड सावली ज्या वेळीं, तो खरा मध्याह्न. नातू घड्याळ पाही, नात खूण करी. बाराचा ठोका पडला; सावली अजून आंखूड होतच होती. साडेबारा झाले आणि वर चार-एक मिनिटें गेलीं, तेव्हां कोठें ती थांबली. साडेदहा अंगुळांहून किंचित् मोठी. नंतर दुसऱ्या बाजूस वाढूं लागली.

"आजोबा, तुमचें घड्याळ चुकलें!" नातू ओरडला.

आम्हीं समजावून सांगितलें. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशावरची. ती रेषा उत्तरेंत मिर्झापुराजवळून जाते. वाई सुमारें ७३.९ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंशांहून थोडी अधिक पश्चिमेस. सूर्यास एक अंश ओलांडावयास चार मिनिटें लागतात. म्हणून वाईचा सूर्य घड्याळाच्या सुमारें ३४ मिनिटें मागें. ही प्रमाणवेळ १९०६ सालीं सुरू झाली. मुंबई शहरानें तर आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. "घड्याळ चुकलेलें नाहीं, बाळ. तें साऱ्या देशाची वेळ सांगतें, आणि काठी आपल्या अंगणाची."

नात खडू हातांत घेऊन उठली आणि फरशीवर तिनें तीन आंकडे एकाखालीं एक मांडले: २५, २८, २९. "आज तुम्हीं आजीचा दिवस केला. आई २८ला करते. फोटोखालीं २९ लिहिलें आहे. आजी नक्की कधीं गेली?"

स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबला, हें आमच्या लक्षांत आलें. कन्या दाराशीं उभी होती.

आम्हीं सवयीनें खडू घेतला आणि सूर्य-चंद्रांची आकृति काढली. दोघांमधील अंतर बारा अंश वाढलें कीं एक तिथि होते; म्हणून ती कधीं २० तासांची, कधीं २६ तासांहून मोठी. वद्य दशमी म्हणजे २८८ अंशांपासून ३०० अंशांपर्यंतचें अंतर. तीन वर्षांत मधला अधिक मास धरून ३७ चांद्रमास होऊन चंद्र-सूर्य पुन्हां त्याच अंतरावर आले, म्हणून आज दशमी. येथवर सर्व सुरळीत चाललें. मग नातीनें विचारलें, "हें अंतर ओटावाहून वेगळें असतें का?"

"नाहीं. ज्या क्षणीं इथें दशमी, त्या क्षणीं साऱ्या पृथ्वीवर दशमी. सूर्योदय जागोजागीं वेगळा म्हणून पंचांगांत दिवस वेगळा पडूं शकतो. पण क्षणाची तिथि एकच."

"म्हणजे आजी गेली तेव्हां आईकडेसुद्धां दशमीच होती?"

"दशमीच होती," आम्ही म्हणालों.

"आणि वार?"

आम्ही उत्तर देणार तोंच थबकलों. आपला वार मध्यरात्रीं बदलत नाहीं, सूर्योदयास बदलतो. पहाटे चार म्हणजे आदल्या सूर्योदयापासून सुमारें ५२ घटका झालेल्या. नवा दिवस उगवावयास तीन तास अवकाश. पंचांगाच्या नियमानें तो वार मंगळच! ज्या शास्त्राचा आधार घेऊन आम्हीं मुलीचा दिवस चुकीचा ठरविला, तें शास्त्र तिचाच वार सांगत होतें. बुधवार सांगत होतें तें केवळ आमचें भिंतीवरचें घड्याळ, ज्यास मध्यरात्रीं तारीख बदलण्याची शिस्त आम्हीं साहेबाकडून घेतली. "मार्दी," आम्ही उच्चारलों. नातू आनंदानें म्हणाला, "म्हणजे मंगळ!"

तीन वर्षें आम्हांस हें दिसलें नव्हतें. गणित अवघड होतें म्हणून नव्हे. आम्हीं तें मांडलेंच नव्हतें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा "भारतीय ज्योतिषशास्त्र" हा १८९६ सालचा ग्रंथ आमच्या कपाटांत आहे. ते स्वतः आमच्यासारखेच शिक्षक होते. देशोदेशींच्या कालगणना त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवून तपासल्या आणि प्रत्येकीचा नियम आधीं समजून घेतला. आम्हीं तो ग्रंथ कितीदां चाळला असेल. पण लेकीच्या एका दिव्यास लावण्यापुरताही तो आमच्या कामीं आला नाहीं.

मुलांच्या समक्षच आम्ही कन्येस म्हणालों, "तुझा दिवस चुकला नव्हता. मींच नीट मोजलें नव्हतें." आजन्म दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसास हें वाक्य सोपें नाहीं. ती पदरास हात पुसत म्हणाली, "बाबा, मला बरोबर ठरायचें नव्हतेंच. त्या दिवशीं मी एकटीच होतें. तुम्हीं नुसतें 'हो' म्हटलें असतें, तरी पुरें होतें." इतकें बोलून ती आंत गेली. थोड्या वेळानें गुरुजी आले.

२९ तारखेस पहाटे चारच्या आधीं कन्येनें मुलांस उठविलें. थंडी कडक होती. कृष्णेवर धुकें होतें. देवघरांत तिनें निरांजन लावलें. त्याच क्षणीं ओटावा येथें, कामामुळें मागें राहिलेल्या जांवईबापूंनीं मंगळवारची नव्हे, पण २८ तारखेची सायंकाळ साधून आपल्या घरीं दिवा लावला, आणि तो आम्हांस पडद्यावर दिसला. तिकडे खिडकीबाहेर बर्फ पडत होतें. कोणी फारसें बोललें नाहीं. नातू डोळे चोळीत म्हणाला, "दोन तारखा, एक दिवा." त्याच्या बहिणीनें त्यास दुरुस्त केलें, "दोन दिवे, एक वेळ." तिच्यांत शिक्षकाचें रक्त आहे, हें आम्हीं जाणलें.

जानेवारीच्या आरंभीं मुलें परत निघालीं. संक्रांतीस अजून दिवस होते. आम्हीं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. नात म्हणाली, "अजून चौदा जानेवारी कुठें आली?" आम्हीं सांगितलें कीं सूर्य उत्तरेस वळला तो २१ डिसेंबरासच, अयनचलनामुळें आपली मकरसंक्रांत त्यापासून सुमारें चोवीस दिवस पुढें सरली आहे. तेव्हां हा तिळगूळ कांहीं लौकर नाहीं. आतां नियम वांकविण्याची कला आम्हांस थोडी साधूं लागली आहे.

ज्या घरांचीं मुलें दूरदेशीं आहेत, त्यांस अनुभवानें एक सुचवावेंसें वाटतें. घरांत जन्म अथवा मृत्यु घडला, तर नुसती तारीख अथवा नुसती तिथि लिहून ठेवूं नये. स्थळ, वेळ, तारीख आणि तिथि, चारही एकत्र लिहावीं, आणि त्याची एक प्रत मुलांकडे पाठवावी. पुढें कोणी कोणता दिवस पाळला तरी तो कोणत्या क्षणापासून निघाला, हें नातवंडांस कळेल. आणि परदेशांतून कोणी फोन करून "आज मी दिवा लावला" असें सांगितलें, तर आधीं "बरें केलेंस" म्हणावें. पंचांग मागाहून उघडावें.

आमच्या अंगणांतील फरशीवर त्या दिवसाच्या खडूच्या खुणा अजून पुसट दिसतात. कामवाल्या बाईंस आम्हीं तेवढी फरशी धुवूं नका, म्हणून सांगून ठेवलें आहे.